बुडालेल्या जहाजांची साक्ष

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते, नाशिकला येते आणि पूर्वेकडे जवळपास दीड हजार किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा त्याच डोंगरांतून पश्चिमेला उतरते, इगतपुरी तालुक्यात धरणात अडते, मुंबईची तहान भागवते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. गोदावरीची महती इथल्या लहान मुलालाही पाठ असते. वैतरणेच्या नावाची एक आगबोट होती आणि 8 नोव्हेंबर 1888 या दिवशी ती सातशेहून अधिक माणसांसह अरबी समुद्रात नाहीशी झाली, हे मात्र नाशिकमध्येच काय, ती ज्या मुंबईची होती त्या मुंबईतही फारशा कुणाला ठाऊक नाही.

त्याआधी त्रेचाळीस वर्षं, 1845 मध्ये, इंग्लंडहून निघालेली सर जॉन फ्रँकलिन यांची दोन जहाजं उत्तर ध्रुवप्रदेशातल्या बर्फात अशीच नाहीशी झाली होती. त्यांच्यावर 129 माणसं होती. त्या मोहिमेवर कादंबऱ्या झाल्या, चित्रं झाली, नाटक झालं, दूरचित्रवाणी मालिका झाली आणि पावणेदोनशे वर्षं शोध चालला. जगातल्या मोठ्या गूढांच्या कुठल्याही यादीत तिचं नाव असतंच.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्हीकडे उत्तराचा मोठा भाग फार लवकर हाताशी आला होता. फ्रँकलिनच्या बाबतीत तो नऊ वर्षांत आला, वैतरणेच्या बाबतीत चौकशी आयोगाच्या निष्कर्षांत आला. तरीही दोन्ही घटना ‘गूढ’ म्हणूनच सांगितल्या जात राहिल्या. माझं म्हणणं असं की समुद्र माणसं गिळतो, पुरावाही गिळतो. मात्र जे उरतं त्यातली कुणाची साक्ष मानायची हे किनाऱ्यावरची माणसं ठरवतात. गूढ तिथे तयार होतं. आणि एकदा का एखाद्या दुर्घटनेला गूढ म्हटलं, की जबाबदारी विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही.

आधी फ्रँकलिनची हकिगत पाहू, कारण तिच्यात हा सगळा व्यवहार उघडपणे दिसतो.

19 मे 1845 रोजी ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन शिडाची जहाजं थेम्स नदीच्या मुखाजवळच्या ग्रीनहाइथहून निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारा सागरी मार्ग शोधायचा होता. त्या काळाच्या मानानं तयारीत काही कमी नव्हतं. बर्फ फोडण्यासाठी जहाजांना लोखंडी पत्रे ठोकले होते, रेल्वेच्या इंजिनांवरून घेतलेली वाफेची यंत्रं बसवली होती, तीन वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री, हजारो डबाबंद अन्नाचे डबे आणि हजाराहून अधिक पुस्तकांचं ग्रंथालय सोबत होतं. त्या वर्षीच्या जुलैअखेर बॅफिन उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या दोन जहाजांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर कुणाही युरोपीय माणसानं ती तरंगताना पाहिली नाहीत.

तीन वर्षं बातमी नाही म्हटल्यावर शोध सुरू झाला. 1850 मध्ये ब्रिटिश नौदलानं 20,000 पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. फ्रँकलिनच्या पत्नी लेडी जेन यांनी सरकारचा, वर्तमानपत्रांचा आणि परदेशी राज्यकर्त्यांचा पिच्छा पुरवला, स्वतःचा पैसा ओतला. दहा-बारा वर्षांत तीसहून अधिक मोहिमा निघाल्या. उत्तर कॅनडाच्या नकाशाचा मोठा भाग या शोधामुळेच भरला गेला. बीची बेटावर तीन खलाशांची थडगी सापडली. यापलीकडे काही हाती लागेना.

आणि मग 1854 च्या एप्रिलमध्ये डॉ. जॉन रे यांना पेली उपसागराजवळ एक इनुइट माणूस भेटला. त्याच्या डोक्याला नौदलाच्या टोपीची सोनेरी पट्टी बांधलेली होती. ही कुठून मिळाली असं विचारल्यावर तो म्हणाला की गोरी माणसं जिथे मरून पडली त्या बाजूनं आली. रे हे ऑर्कनी बेटांवरचे डॉक्टर, हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत होते. इनुइट आणि क्री लोकांकडून ते बर्फाची घरं बांधायला, शिकार करायला आणि हलक्या सामानानिशी लांबचा प्रवास करायला शिकले होते. इंग्लंडहून आलेल्या अधिकाऱ्यांना जे कमीपणाचं वाटायचं ते त्यांनी मन लावून केलं, म्हणूनच त्यांच्याशी लोक बोलले. पुढच्या काही महिन्यांत वेगवेगळ्या माणसांकडून त्यांनी हकिगत जमवली. चार हिवाळ्यांपूर्वी चाळीसएक गोरी माणसं होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती, सगळी हाडकुळी झालेली. पुढे त्याच वाटेवर प्रेतं सापडली. आणि भांड्यांत जे शिल्लक होतं त्यावरून दिसत होतं की शेवटी शेवटी जगण्यासाठी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं होतं. रे यांनी इनुइटांकडून वस्तूही विकत घेतल्या: अधिकाऱ्यांची चिन्हं कोरलेले चांदीचे चमचे-काटे, फ्रँकलिनचं नाव असलेली ताटली, त्यांचं मानचिन्ह.

म्हणजे 1854 सालीच मूळ प्रश्न सुटला होता. माणसं कुठे गेली, कशानं मेली, कोणत्या हालात मेली, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून ऐकलेल्यांनी सांगितलं होतं आणि सोबत वस्तूंचा पुरावा होता. त्यावर इंग्लंडची प्रतिक्रिया काय झाली? चार्ल्स डिकन्स यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात लेख लिहून हे सगळं नाकारलं. इंग्रज खलाशी असं करूच शकत नाहीत, आणि रानटी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. उलट या ‘रानट्यांनीच’ आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून, इथपर्यंत त्यांची मजल गेली. गिरणी कामगारांच्या आणि अनाथ मुलांच्या दुःखाला आवाज देणारा हा थोर कादंबरीकार. पण त्याच्या करुणेला समुद्रापलीकडच्या माणसापर्यंत पोहोचता आलं नाही. रे यांची उत्तरंही त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापली, हे न्यायाला धरून सांगायला हवं. पण लोकमत ठरून गेलं होतं. रे यांना बक्षिसाचे 10,000 पौंड मिळाले. सन्मान मिळाला नाही. पुढे 1859 मध्ये किंग विल्यम बेटावर फ्रँकलिन मोहिमेची लेखी नोंद ज्यांच्या तुकडीला सापडली, त्या मॅक्लिंटॉक यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

ती नोंद म्हणजे एका छापील कागदावर लिहिलेला मजकूर. मे 1847 मध्ये लिहिलेल्या पहिल्या भागात ‘सर्व ठीक’ आहे. एप्रिल 1848 मध्ये त्याच कागदाच्या कडांवर भर घातली आहे: सप्टेंबर 1846 पासून जहाजं बर्फात अडकलेली, फ्रँकलिन 11 जून 1847 रोजी वारले, आतापर्यंत नऊ अधिकारी आणि पंधरा खलाशी गेले, आता 105 माणसं जहाजं सोडून दक्षिणेकडे नदीच्या दिशेनं चालत निघत आहेत. एका कागदावर अकरा महिन्यांचं अंतर, आणि त्या अंतरात सगळं संपलेलं. हा कागद खरा, कारण तो इंग्रजीत होता आणि नौदलाच्या नमुन्यावर होता. तीच दिशा सांगणारी इनुइटांची हकिगत मात्र संशयास्पद, कारण ती तोंडी होती.

पुढची दीडशे वर्षं काय घडलं ते पाहा. 1879 मध्ये पुहतूराक नावाच्या इनुइट माणसानं अमेरिकन शोधकांना सांगितलं की एक मोठं जहाज बर्फात अडकलेलं त्यानं पाहिलं होतं. लोक बाजूला भोक पाडून आत शिरले, आत एका धिप्पाड माणसाचं प्रेत होतं. पुढे बर्फ वितळल्यावर जहाज बुडालं आणि डोलकाठीचं टोक पाण्यावर दिसत राहिलं. इनुइट लोक त्या भागाला उट्जुलिक म्हणतात. सप्टेंबर 2014 मध्ये कॅनडाच्या शोधपथकाला ‘एरेबस’ त्याच भागात, अवघ्या अकरा मीटर खोल पाण्यात सापडलं. योआ हेवनचे इनुइट इतिहासकार लुई कामूकाक यांनी आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या हकिगती जमवल्या होत्या. त्या जमवण्याचं चीज झालं. 2016 मध्ये ‘टेरर’ सापडलं ते सॅमी कोगविक या स्थानिक माणसाच्या सांगण्यावरून. काही वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना त्याला बर्फातून वर आलेला एक खांब दिसला होता. त्यानं फोटो काढला, पण वाटेत कॅमेरा हरवला आणि तो गप्प राहिला. शोधजहाजावर असताना त्यानं ती गोष्ट सांगितली, शोधकांनी ती ऐकली, जहाज वळवलं आणि ‘टेरर’ मिळालं. त्या उपसागराचं नाव फार आधीपासून ‘टेरर बे’च होतं.

राहिला नरमांसाचा आरोप. 1997 मध्ये अ‍ॅन कीनलीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग विल्यम बेटावरच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांवर सुरीच्या खुणा होत्या. 2024 मध्ये डीएनए तपासणीतून अशाच खुणा असलेलं एक जबड्याचं हाड ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचं असल्याचं सिद्ध झालं. हे हाड फिट्झजेम्स यांची बेअब्रू करत नाही. इतक्या हालात माणसं शेवटपर्यंत जगण्याची धडपड करत राहिली, एवढंच ते सांगतं. बेअब्रू झाली ती, ऐकलेलं खोटं ठरवणाऱ्यांची.

आता वैतरणेकडे या.

स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ इथे बांधलेली ही आगबोट मुंबईच्या ए. जे. शेफर्ड कंपनीची. लांबी सुमारे 170 फूट. कच्छमधल्या मांडवी बंदरापासून मुंबईपर्यंतचा प्रवास ती करायची. विजेच्या दिव्यांनी उजळणारी बोट त्या काळी नवलाची, म्हणून लोकांनी तिचं नाव ‘वीजळी’ ठेवलं. 8 नोव्हेंबर 1888, दिवाळीनंतरची कार्तिक शुद्ध पंचमी. दुपारी मांडवीहून निघताना 520 उतारू होते. द्वारकेला आणखी चढले आणि संख्या 703 वर गेली. त्यात मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती; लोककथेनुसार तेरा लग्नांची वऱ्हाडं होती. हवा बिघडली म्हणून पोरबंदरला न थांबता बोट थेट पुढे निघाली. संध्याकाळी मांगरोळच्या किनाऱ्यावरून ती दिसली. त्या रात्रीच्या वादळानंतर ती पुन्हा कुणाला दिसली नाही. शोधाला आगबोटी पाठवल्या गेल्या. ना फळी मिळाली, ना प्रेत.

मुंबई इलाख्याच्या सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोगाला आढळलं की वादळी हवेत टिकण्याजोगी सुरक्षेची साधनं बोटीवर नव्हती, जीवरक्षक होड्या आणि जाकिटं अपुरी होती. सातशे माणसं, खराब हवा आणि अपुऱ्या होड्या. यापुढे गूढ राहतं ते फक्त बोट नेमकी कुठे बुडाली एवढंच. का मेली माणसं, याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं.

लोकांच्या मनात मात्र वेगळीच हकिगत रुजली. सौराष्ट्रात या बोटीवर विलापगीतं रचली गेली, झवेरचंद मेघाणी यांनी लोकगीत नोंदवून ठेवलं, गुणवंतराय आचार्य यांनी 1954 मध्ये कादंबरी लिहिली. या सगळ्यांतून बोटीचा कप्तान म्हणून हाजी कासम हे नाव घराघरांत पोहोचलं, जणू त्याच्या हट्टानंच बोट बुडाली. पुढे वाय. एम. चितलवाला यांच्यासारख्या अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा बोटीचा कप्तान कासम इब्राहीम आणि प्रसिद्ध हाजी कासम या दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचं पुढे आलं. पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्यानं कप्तानाला जाऊ नको म्हणून बजावलं होतं, या लोकप्रिय कथेलाही आधार मिळाला नाही.

इथे माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्तपणे येतो. तोंडी साक्ष मानायची तर वीजळीच्या गाण्यांवरही विश्वास ठेवायचा का? त्यांनी तर एका माणसाला उगाच दोषी ठरवलं. मग डिकन्स यांनी शंका घेतली ती चूक कशी?

हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर रे यांच्या कामातच आहे. रे यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही. त्यांनी एकाचं बोलणं दुसऱ्याशी ताडून पाहिलं, वस्तू मागून घेतल्या, दुभाष्याची पारख केली, कोणी स्वतः पाहिलं आणि कोणी ऐकलं हे वेगळं ठेवलं. शंका घेणं म्हणजे तपासणं. डिकन्स यांनी तपासलं काहीच नाही. सांगणारा कोण आहे एवढं पाहून निकाल दिला. तोंडी परंपरेतही फरक असतो. पुहतूराक जे सांगत होता ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. वीजळीची गाणी पाहिलेल्यांची नाहीत, कारण पाहिलेलं कुणी उरलंच नाही. ती मागे राहिलेल्यांची आहेत, आणि ती दुःखाबद्दल खरं बोलतात. बोट किती भरली होती, घराघरांतून किती माणसं गेली, लग्नाची तयारी कशी तशीच राहिली, हे त्यांच्याखेरीज कुठे नोंदलं गेलं? त्यांनी दोष एका माणसावर टाकला, कारण चौकशीचा निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत कुणी नेलाच नाही. लोकांना कारण सांगितलं नाही तर ते कारण शोधतात, आणि मग नशीब, शाप किंवा एखादा कासम हाताशी असतोच.

आणखी एक फरक मला फार बोचतो. फ्रँकलिनच्या मोहिमेचा 129 हा आकडा कधीच हलत नाही. एकेका खलाशाचं नाव, वय, गाव नौदलाच्या दप्तरात आहे. म्हणून तर आज एखाद्या हाडाचा डीएनए त्याच्या वंशजांशी जुळवून पाहता येतो. वैतरणेच्या मृतांचा आकडा कुठे 744, कुठे 746, कुठे 798, कुठे 1300 सांगितला जातो. यातला सगळाच गोंधळ लोककथेनं घातलेला नाही. ज्यांची नावं कुणी जपली नाहीत त्यांची संख्याही स्थिर राहत नाही. साम्राज्यानं आपले अधिकारी शोधले आणि कच्छी उतारू सोडून दिले, हे खरं आहे. पण स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली. परक्या राजवटीवर खापर फोडून आपली सुटका होत नाही.

माणूस हरवला की मागे राहिलेल्यांचं काय होतं, हे नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुर्मरण आलेल्यांसाठी, ज्यांचा देहही हाती लागला नाही त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरी विधी करायला देशभरातून माणसं येतात, गुजरातमधून तर मोठ्या संख्येनं. देह मिळालाच नाही तर पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांच्या 360 देठांपासून मनुष्याकृती करायची, दर्भानं बांधायची, मस्तकाच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिलाच अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी असंही धर्मशास्त्र सांगतं; 1872 च्या पुरावा कायद्यानं ही मुदत सात वर्षांची केली. ब्रिटिश नौदलानं तर 31 मार्च 1854 पासून फ्रँकलिन आणि सर्व माणसांची नावं यादीतून काढायचं ठरवलं. लेडी जेन यांनी ते मानलं नाही. शोकाची काळी वस्त्रं उतरवून त्यांनी रंगीत कपडे घातले. बंद दाराला त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं.

या विधींना मी अंधश्रद्धा म्हणून हसून टाकणार नाही. ज्याचा शेवट कळत नाही त्याचा शोक संपत नाही, हे ते ओळखतात. पण विधीनं घरच्यांना शांती मिळते, समाजाला नाही. कुटुंबापुरता शेवट पळसाच्या देठांनी होऊ शकतो. समाजापुरता शेवट व्हायचा तर कारण शोधावं लागतं, जाहीरपणे सांगावं लागतं आणि पुढच्या बोटीवर ते कारण उरणार नाही हे पाहावं लागतं.

ते आपण पाहिलं नाही, याचा पुरावा कोकण किनाऱ्यावरच आहे. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईपासून हाकेच्या अंतरावर बोट बुडूनही मुंबईला काही तास पत्ताच नव्हता. त्या दिवशी जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी वाचवलं. मासळी घेऊन मुंबईला निघालेले ते मच्छीमार. त्यांनी मासळी समुद्रात फेकून होड्यांत माणसं घेतली. वैतरणेवर होड्या अपुऱ्या, रामदासवर बिनतारी यंत्र नाही. एकोणसाठ वर्षांत धडा पोहोचला नव्हता.

आणि अगदी अलीकडचं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्यानं आधीच दिलेला असताना मुंबई हायच्या तेलक्षेत्रात 261 माणसांना घेऊन पी-305 हा बार्ज समुद्रातच राहिला. 17 मे रोजी तो बुडाला. हा बार्ज आणि वरप्रदा हा टग मिळून ऐंशीहून अधिक कामगार गेले. काही मृतदेह ओळखू येण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांची ओळख नातेवाइकांच्या डीएनएवरून पटवावी लागली. नौदल आणि तटरक्षक दलानं पराकाष्ठा करून अनेकांना वाचवलं. पण खराब हवेत माणसं समुद्रात का होती, हा प्रश्न 1888 चाच आहे. उपग्रहानं पाठवलेली सूचनाही साक्षच असते, आणि ती न ऐकणारे कान अजून तेच आहेत.

कुणी म्हणेल, बुडालेल्या बोटी शोधून आता काय मिळणार? मेलेली माणसं तर परत येत नाहीत. कॅनडानं ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ शोधण्यातून काय मिळवलं हे पाहावं. त्यांना जहाजं मिळाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना दीडशे वर्षं खोटं ठरवलं होतं त्या इनुइटांचा शब्द खरा ठरला. 2018 मध्ये ब्रिटननं ही जहाजं कॅनडाला दिली आणि वस्तूंची मालकी कॅनडा सरकारबरोबर इनुइट वारसा संस्थेकडे आली. ज्यांनी लक्षात ठेवलं त्यांच्याकडे वारसा आला. शोधाचा हा खरा लाभ.

आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली 1980 च्या दशकात द्वारकेच्या समुद्रतळाशी प्राचीन नगरीचे अवशेष धुंडाळले. वैतरणेनं शेवटचे उतारू घेतले ते याच द्वारकेला. पुराणातल्या नगरीसाठी ज्या पाण्यात पाणबुडे उतरले, त्याच किनाऱ्यापासून दक्षिणेला सातशे माणसांची बोट पडली आहे. ती नेमकी कुठे आहे, हे अजून निश्चित झालेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती करण्याचा हक्क नाशिकला, मुंबईला आणि कच्छला सारखाच आहे. वैतरणा, तुकाराम, जयंती आणि रामदास या बोटींच्या चौकशीची उपलब्ध कागदपत्रं मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातून आणि इतर दप्तरांतून बाहेर काढून मराठीत आणि गुजरातीत प्रसिद्ध करावीत. मांगरोळ, माधवपूर आणि रेवसच्या मच्छीमारांकडे या बोटींबद्दल जे सांगितलं जातं ते विद्यापीठांनी आत्ताच नोंदवून घ्यावं; जाळी कुठे अडकतात, तळाशी कुठे काय आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या जुन्या वह्या आहेत. 1888 नंतरच्या वर्षांत कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी त्यांत कुणाची नावं लिहवून घेतली, हे पाहण्यासाठी उपाध्यायांच्या संमतीनं त्या वह्या उघडल्या जाव्यात. कदाचित वैतरणेच्या उतारूंची पहिली खरी यादी सरकारी दप्तरात न सापडता या वह्यांतच सापडेल.

आणि या चारही बोटींवर गेलेल्या माणसांची नावं, जेवढी मिळतील तेवढी, एका ठिकाणी कोरून ठेवावीत. फ्रँकलिनच्या 129 माणसांना ती मिळाली आहेत. आपल्या माणसांना ती देणं आपल्याच हातात आहे.